सत्तावीसची पाटी

९ फेब्रुवारी

चि. बेडकी,

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा जास्त समज.

तू परवा फोन केलास आणि मी पलीकडून "हो हो" करत राहिलो. खरं सांगायचं तर त्यातलं काही कळलं नाही. तीस वर्षं टँकच्या पाण्यात राहून उजवा कान कामातून गेलाय. फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने जोडतो. शिवाय शिबिरात तुमचे फोन सकाळीच जमा करून घेतात म्हणे. म्हणून पत्र. वाचून उशीखाली टाकशील, पण निदान वाचशील तरी.

बातमी चांगली आहे. निवड समितीने माझा जबाब मान्य केला. मी लेखी दिलं की लेंथ मोजून पोहणाऱ्याला पाण्याखाली आकड्याची पाटी दाखवायचं काम माझं, आणि सत्ताविसावी लेंथ संपवून तू माझ्या टोकाला आलीस तेव्हा माझ्या हातून २७ च्या जागी २९ ची पाटी पाण्यात गेली. तुला वाटलं एकच लेंथ राहिली. ती तू पोहलीस आणि समोरची भिंत धरून थांबलीस. तीसपैकी अठ्ठावीसच झाल्या होत्या. अर्धी लेंथ पुढे असलेली मुलगी चौथी आली, ती पाटी धरणाऱ्याच्या गाढवपणामुळे. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "आठ वर्षं तिची पाटी धरताय, मग असं कसं झालं?" मी म्हटलं, "साहेब, वय झालं." त्यावर त्यांनी पुढचा कागद ओढला, कारण ते माझ्याहून मोठे होते.

तर आता चौदा मार्चला तुझी एकटीची चाचणी. तेच दीड हजार मीटर, तीस लेंथ. सतरा मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत आलीस की संघात जागा. तुझ्या हातचा मळ आहे तो. मला वर्षभर स्पर्धेच्या काठावर यायला बंदी केलीय. चालायचंच. गुडघे टेकून टेकून माझ्या चड्ड्याही फाटल्यात, मामीचं शिवणकाम वाचेल.

जो कोणी पाटी धरेल त्याला सांग, हातभर आत घालायची आणि जरा उजवीकडे. तू उजवीकडून श्वास घेतेस. चूक माझी होती, तुझी नव्हती, एवढं डोक्यात पक्कं ठेव. बाकी डोकं रिकामं ठेवलंस तरी चालेल.

मामा

१७ फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळालं. उशीखाली नाही टाकलं, कपाटात ठेवलंय.

सरांनी चौदा मार्च ही तारीख भिंतीवर खडूने लिहिली आहे. सकाळी सहा किलोमीटर आणि संध्याकाळी चार. वेळा चांगल्या लागतात. काल सतरा एकतीस लागली. सर खूश झाले. मीही खूश आहे असं मी त्यांना म्हणाले.

इथे मानसशास्त्राच्या एक बाई येतात. त्यांनी सगळ्यांना फॉर्म दिला. प्रत्येक प्रश्नापुढे एक ते दहामधला आकडा लिहायचा. स्वतःवर विश्वास किती, याच्यापुढे मी नऊ लिहिलं. ते खरं आहे. त्याच्याखाली होतं, जिंकण्याची इच्छा किती. तिथे मला काही सुचेना. शेजारच्या मुलीने आठ लिहिलं होतं, म्हणून मीही आठ लिहिलं. बाई म्हणाल्या, विश्वास आणि इच्छा दोन्ही असल्या की स्पर्धेत लक्ष आपोआप लागतं, ते वेगळं लावावं लागत नाही. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं.

चाचणीच्या दिवशी सर स्वतः पाटी धरणार आहेत.

जेवते. झोपही लागते. म्हणजे चांगलं काही नाही आणि वाईटही काही नाही. गॉगल लावून पाण्याखाली असल्यासारखं बाहेरही वाटतं, एवढंच.

तू पुन्हा पुन्हा तुझी चूक म्हणून लिहू नकोस.

बेडकी

२३ फेब्रुवारी

चि. बेडकी,

सतरा एकतीस. मी तो आकडा मामीला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "ऐकलं, बहिरे तुम्ही आहात, मी नाही."

तुझं पत्र वाचून मला कळलं की तू घाबरली आहेस. लपवू नकोस. भीती बसली की माणूस असाच सपाट होतो. पाटी एकदा चुकली म्हणजे पुढच्या वेळी प्रत्येक आकड्याचा संशय येणार, आणि आकड्याचा संशय आला की हात जड होतात. पण चुकली ती पाटी. तू पाण्यात जे काही केलंस ते सगळं बरोबर केलंस. माणसाचा स्वतःवरचा भरवसा काचेच्या भांड्यासारखा असतो, बाहेरून कोणाचा धक्का लागला तर भांडं आपण नीट उचलून ठेवायचं, त्याला तडा गेलाय का म्हणून ठोकून बघत बसायचं नाही.

तू अकरा वर्षांची असताना पहिल्यांदा तीस लेंथ पोहलीस ते आठवतंय? वर येऊन मला विचारलंस, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तर तोंड एवढंसं झालं तुझं. त्या दिवशी मी ठरवलं की ही पोरगी पुढे जाणार आणि मी तिची पाटी धरणार. तुझ्या आईला मी सांगून टाकलं, तुला सांगायचं राहिलंच बहुतेक.

इकडे सगळं ठीक. मी सध्या टँकच्या खाली, फिल्टरच्या खोलीत असतो. थंड जागा, पंपाचा आवाज सोडला तर शांतता. "काका, गॉगल गळतोय" म्हणून कोणी हात ओढत नाही. संध्याकाळच्या लहान मुलांच्या क्लासचं दुसरं कोणी बघतंय. मला जरा विश्रांती.

मामा

२७ फेब्रुवारी

बाळा,

मामी लिहितेय. तुझ्या मामाला हे पत्र माहीत नाही, आणि कळू द्यायचं नाही.

तो तुला विश्रांती विश्रांती म्हणून लिहीत असेल. बंदीचा कागद क्लबच्या फळ्यावर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्याच्याकडून लहान मुलांचा क्लास काढून घेतला. कोणा मुलीचे वडील म्हणे ऑफिसात येऊन बोलले, ज्याला तीसपर्यंत मोजता येत नाही त्याच्या भरवशावर आम्ही मुलं पाण्यात सोडायची का. मॅनेजरने मान डोलावली. बावीस वर्षांचा क्लास, पाच मिनिटांत गेला. आता क्लासच्या वेळेला हा मागच्या दाराने घरी येतो आणि घडी केलेले टॉवेल उलगडून पुन्हा घडी करतो. मी काही बोलले की हसतो. मला त्या हसण्याचा राग येतो.

आता मला जे विचारायचंय ते विचारते. तुला माहीत आहे, तो स्पर्धेला लॉकरच्या पंधरा किल्ल्या घेऊन जातो. तू त्याच्या टोकाला पंधरा वेळा येतेस. दर वेळी आधी एक किल्ली डाव्या खिशातून उजव्या खिशात, मग पाटी. किल्ली हलवल्याशिवाय तो पाटीला हात लावत नाही, लोक हसतात तरी. त्या दिवशीची त्याची पँट मी धुवायला घेतली. उजव्या खिशात चौदा किल्ल्या होत्या, डाव्यात एक. म्हणजे मोजणी बरोबर होती. चौदाव्या खेपेला सत्तावीसच येतात. हातात बरोबर मोजलेलं असताना हा माणूस चुकीची पाटी उचलेल? मी अठ्ठावीस वर्षं संसार केलाय याच्याबरोबर. हा वाण्याच्या दुकानात कांदेसुद्धा मोजून घेतो.

त्याला विचारलं तर म्हणतो, चुकतं माणसाचं.

तुला पाण्यात काय दिसलं, ते मला सांग. मी रागावणार नाही. रागावेन, पण तरी सांग.

मामी

३ मार्च

मामा,

मामीने मला पत्र लिहिलं. तिला उत्तर लिहायला बसले आणि तुलाच लिहितेय. तिच्यावर चिडू नकोस.

पाटी सत्तावीसचीच होती. मी वाचली. तुझं मनगट दिसलं, घड्याळाचा पट्टा दिसला, २७ दिसलं. मी टर्न घेतला आणि निघाले.

चोविसाव्या लेंथला मला कळलं होतं की मी जिंकणार. असं कधी झालं नव्हतं. नेहमी बाजूला कोणाचे तरी पाय दिसतात, मग मी त्या पायांच्या मागे लागते आणि बाकी काही डोक्यात येत नाही. त्या दिवशी दोन्ही बाजूंना नुसतं पाणी होतं. मला पूर्ण खात्री होती. तशी खात्री झाल्यावर मग करायला काही उरलं नाही. मनात आलं, जिंकले, मग? मग शिबिर, मग पुढची स्पर्धा, परत तीस. मला वाईट वाटलं नाही. आनंद नाही झाला. मी वाट बघितली की काहीतरी वाटेल, कारण इतके जण म्हणतात की वाटतं. सत्ताविसाव्या लेंथला वाट बघितली, अठ्ठाविसाव्यालाही. मग भिंत आली, मी हात लावला आणि हात काढला नाही.

दमले नव्हते. घाबरलेही नव्हते. तू लिहिलंस मी घाबरले आहे, तसं नाही. घाबरले असते तर बरं झालं असतं. सर काठावरून ओरडत होते, दोन राहिल्या, दोन. मला ऐकू येत होतं. मला ते माहीतच होतं. सरांच्या घड्याळात एकोणीस सेकंद भरले. मग सगळेच ओरडायला लागले म्हणून मी निघाले.

वर आले तेव्हा तू टँकच्या कडेकडेने धावत आलास. तुझे गुडघे ओले होते. मी तोंड उघडायच्या आत तू सरांना म्हणालास, "माझी चूक, पाटी चुकली." मला वाटलं, असू दे. ते सोपं होतं. मग तू ते लिहून दिलंस आणि तेव्हाही मी गप्प बसले. मला वाटलं होतं एक वर्ष बंदी म्हणजे काही फार नाही. क्लास गेला हे तू लिहिलं नाहीस, तू विश्रांती लिहिलंस.

कधी कधी मला वाटतं की खरंच २९ दिसलं असेल. तू इतक्यांदा सांगितलंस. म्हणून विचारते. तुला माहीत होतं ना?

बेडकी

७ मार्च

चि. बेडकी,

माहीत होतं.

पाटी मी धरली होती, मला नाही तर कोणाला माहीत असणार? २९ ची पाटी माझ्या मांडीखाली कोरडी होती. मी शेवटची किल्ली चिमटीत धरून तुझी वाट बघत होतो आणि तू पलीकडच्या भिंतीला चिकटून उभी. मला आधी वाटलं पेटका आला. मग तुझा चेहरा बघितला, लांबून, पण बघितला. पेटका आलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. तू परत निघून माझ्या टोकाला आलीस तेव्हा मला ना पाटी सुचली ना किल्ली, ती तशीच डाव्या खिशात परत गेली.

तू तीस संपवल्यास तेव्हा तिथून तुझ्यापर्यंत धावत यायला मला फार तर वीस सेकंद लागले. तेवढ्यात जे सुचलं ते केलं. मला एकच कळत होतं. पाटी चुकली म्हटलं तर ती गोष्ट तुझ्या बाहेरची. चार दिवस रडशील, मला शिव्या देशील आणि परत उडी मारशील. पण आपण आपल्या मनाने थांबलो असं एकदा ठरलं की मग पुढच्या प्रत्येक शर्यतीत, ऐन जोरात असताना, मनात तेच येणार. मी असे पोहणारे बघितलेत. हात चांगले, दम चांगला, आणि अचानक स्वतःवरचा भरवसा उडतो तो उडतोच. म्हणून म्हटलं, चुकीचं ओझं आपल्या डोक्यावर घ्यावं. माझं डोकं तसंही रिकामंच असतं.

चूक झाली असेल तर ही झाली. तू गप्प बसलीस यात तुझं काही नाही, मीच तुला बोलायला जागा ठेवली नाही.

आता नीट ऐक. समितीला काही कळवायचं नाही. कळवलंस तर चौदा तारखेची चाचणी गेली, कारण ती माझ्या चुकीवर मिळालीय. क्लासचं काय, आज गेला, वर्षाने येईल. मुलं तेवढ्यात मोठी होणार नाहीत. झाली तर दुसरी येतील. तुझं वय मात्र थांबणार नाही. चौदा तारखेला उतर, तीस पूर्ण कर, आणि मग आपण दोघं बसून काय ते बोलू. हे मी मामा म्हणून सांगतोय, विनंती नाही करत.

मामीला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, त्यामुळे घरात खरीखुरी विश्रांती मिळाली.

मामा

१३ मार्च

मामा,

काल सकाळी मी समितीच्या ऑफिसात गेले. सरांना आधी सांगितलं नव्हतं. तिथल्या क्लार्कने मला कोरा कागद दिला आणि मी सगळं लिहून दिलं. पाटी २७ ची होती, मी वाचली होती, मी आपण होऊन थांबले, पाटी धरणाऱ्याने खोटं सांगितलं ते माझ्यासाठी. सही केली. क्लार्क म्हणाला तारीख घाला, ती घातली.

दुपारी सरांना फोन आला. चाचणी रद्द. सर आधी खूप बोलले. तुला अक्कल आहे का, चार वर्षांची मेहनत पाण्यात घातलीस, असं बरंच. मी उभी होते. मग ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, पण थांबलीस का?" मी म्हणाले, "माहीत नाही, सर." त्यांनी भिंतीवरचा चौदा मार्च पुसला नाही. दुसऱ्या कोणीतरी पुसला.

तू म्हणालास चाचणी दिल्यावर बोलू. मी विचार केला होता. मी नक्की पास झाले असते, त्याची मला खात्री होती. तीच खात्री परत होती, आणि तिच्या आत परत काही नव्हतं. तुझा क्लास देऊन मी ते विकत घेणार होते. मला ते जमलं नाही.

तुला राग येईल. येऊ दे.

शिबिर महिनाअखेरपर्यंत आहे. तोपर्यंत मी राहते, नाव अजून यादीत आहे. आज सकाळी सहा किलोमीटर पोहले. काही वाटलं नाही.

बेडकी

२० मार्च

चि. बेडकी,

पाच दिवस मी तुला पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते तुला वाचवलं नसतं. मला राग आला. तू मला विचारलं नाहीस. मी नको म्हणून लिहिलं होतं, स्पष्ट लिहिलं होतं, आणि तू ते कपाटात ठेवून सरळ ऑफिसात गेलीस. एवढी मोठी कधी झालीस ते मला कळलं नाही. मामीला मी हे म्हटलं तर ती म्हणाली, "तुम्ही तिला विचारून खोटं बोलला होतात का?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

समितीचं पत्र मलाही आलं. मोजणीत चूक केल्याबद्दलची बंदी उठवली. त्याच पत्रात खाली, खोटा जबाब दिल्याबद्दल दीड वर्षाची बंदी घातली. आधी एक वर्ष होती, आता दीड. म्हणजे खरं बोलून तू मला सहा महिने वाढवून दिलेस. मी ते पत्र घेऊन मॅनेजरकडे गेलो. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हाला मोजता येतं." मी म्हटलं, "येतं." तो म्हणाला, "मग सोमवारपासून क्लास घ्या. खोटं तर काय, मुलंही रोज बोलतात." चौदापैकी अकरा मुलं आली. ते वडीलही आले होते, मुलीला माझ्या हाती देऊन बाकावर बसले आणि तासभर पेपर तोंडासमोर धरून राहिले.

पहिल्या दिवशी एका नव्या पोरीला मी पायऱ्यांवर उभं केलं आणि म्हटलं, चल, उतर. ती म्हणाली, नाही उतरायचं. मी नेहमीप्रमाणे हात धरला आणि मग सोडला. तिला काठावर बसवलं. ती तासभर पाय बुडवून बसली आणि घरी गेली. माझ्या बावीस वर्षांत मी असं केलं नव्हतं.

घरी येताना मला लक्षात आलं की तू पाच वर्षांची होतीस तेव्हा मी तुला काखेत धरून पाण्यात नेलं. अकराव्या वर्षी पाटी हातात घेतली. मग क्लब, शिबिर, सर, समिती. तुझ्या आईला विचारलं, सरांना विचारलं, डॉक्टरला विचारलं. तुला एकदाही विचारलं नाही. तू छान पोहायचीस, त्यातच ते आलं असं मी धरून चाललो. तुझ्या वाटची इच्छा मीच करत होतो बहुतेक, आणि ती मला एवढी होती की तुझी आहे की नाही ते बघायचं राहूनच गेलं.

तर आता विचारतो. चौदा वर्षं उशिरा विचारतोय, त्याला इलाज नाही. तुला पोहायचं आहे का?

घाई नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

मामा

२५ मार्च

मामा,

नाही.

हा शब्द लिहायला मला तीन दिवस लागले. लिहिल्यावर मी खोलीत बसून खूप रडले. शेजारची मुलगी घाबरून बाईंना बोलवायला निघाली होती, तिला थांबवलं. मला वाईट वाटतंय मामा, फार वाईट वाटतंय, तुझ्यासाठी सगळ्यात जास्त. पण वाटतंय.

सरांना सांगितलं. त्यांनी यादीतून नाव काढलं.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने येतेय. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. ती तुझी क्लासची वेळ आहे.

बेडकी